कुणाचं रक्त द्यायचं

माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे हे कळायला आमच्या घरी कधी चाचणी लागली नाही. १९८० च्या मे महिन्यात तो सोलापुरात जन्मला. डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले, मान पाहिली, तळहातावरची एकच आडवी रेघ आणि पायाच्या अंगठ्याशेजारची रुंद फट पाहिली आणि आईबाबांना काय ते सांगितलं. निदान बरोबरच होतं. गुणसूत्रं मोजून बघावीत असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी मोजल्याने नंदू काही वेगळा होणार नव्हता.

आता तो पंचेचाळिशी ओलांडून गेलाय आणि मोजणीचा प्रश्न घरात आलाय तो माझ्या लेकीमुळे. तिच्या लग्नाला वर्ष होत आलं. मुलाचा विचार करण्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून ती डॉक्टरांकडे गेली, तिथे घराण्यातल्या आजारांची माहिती विचारली, तिने मामाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "मामाचं कॅरिओटायपिंग झालंय का? रिपोर्ट असेल तर घेऊन या." रात्री तिचा फोन आला. "आई, मामाचा असा काही रिपोर्ट आहे का ग?" नाही, असं मी सांगितलं. त्यावर ती जे बोलली त्यात भीती नव्हती, आग्रहही नव्हता; पण तेव्हापासून मी वाचतेय, विचारतेय आणि रात्री जागी राहतेय.

आधी मला जे समजलं ते सांगते, कारण आमच्या घरातल्या कुणालाही ते माहीत नव्हतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभरांपैकी साधारण ९५ जणांमध्ये २१ क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन असतात, तिन्ही सुटी. बीजपेशी तयार होताना एक जोडी विलग झाली नाही, एवढंच त्याचं कारण. ते कुणाच्याही घरी घडू शकतं, आईचं वय वाढतं तसं जास्त घडतं आणि त्याचा भावंडांच्या मुलाबाळांशी सहसा काही संबंध नसतो. पण शंभरातल्या तीन-चार जणांची गोष्ट निराळी. त्यांच्यातलं जादा २१ हे दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुतेक वेळा १४ क्रमांकाच्या, चिकटलेलं असतं. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. ते कधी नव्यानेच घडतं, तर कधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं. ज्याच्याकडून येतं तो माणूस धडधाकट असतो. दोन पुस्तकं एका पुठ्ठ्यात बांधली तर कपाटात एक पुस्तक कमी दिसतं, पण वाचायचा मजकूर सगळा जागेवर असतो. वाहकाच्या पेशीत असंच असतं. अडचण येते ती पुढच्या पिढीला वाटणी करताना.

यातला हिशेब वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. असा निरोगी वाहक मोजला तर त्याची गुणसूत्रं भरतात ४५. त्याच्याकडून ते जोडगुणसूत्र घेऊन जन्मलेल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाची भरतात ४६. म्हणजे सगळ्या जगाइतकी. हे प्रथम लक्षात आलं १९६० मध्ये, लंडनला, पॉल पोलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मुलीची गुणसूत्रं मोजली तेव्हा. आदल्याच वर्षी डाऊन सिंड्रोम म्हणजे ४७ गुणसूत्रं असं पॅरिसहून जाहीर झालं होतं आणि या मुलीची तर पूर्ण ४६ भरत होती. शाळेने ज्याला 'इथे जमणार नाही' म्हणून परत पाठवलं, त्या माझ्या भावाची मोजणी कदाचित पूर्ण भरेल आणि पदव्या घेतलेल्या, नोकरी केलेल्या, लेक वाढवलेल्या माझीच एकाने कमी भरेल. आकड्यावर माणसाचं पुरेपण ठरवायची सवय किती पोकळ आहे, हे मला इतकी वर्षं नंदूबरोबर काढूनही असं लख्ख दिसलं नव्हतं.

हा संशय मला उगाच आलेला नाही. नंदू झाला तेव्हा आई २४ वर्षांची होती. माझ्या आणि त्याच्या मधल्या काळात तिला दोनदा दिवस राहून गेले होते. मावशीचं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं. त्याच्या हृदयात दोष होता आणि चेहरा "अगदी आपल्या नंदूसारखा" होता, असं आई सांगते. माझाही लेकीच्या आधी एकदा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. सुटं सुटं पाहिलं तर यातल्या एकेका गोष्टीचं नवल वाटू नये. गर्भपात अनेक बायकांचे होतात, आणि तरुण आईच्या पोटी आलेल्या डाऊनच्या मुलांतही बहुतेकांचं २१ सुटंच असतं. पण सगळं एका कागदावर लिहून काढलं तेव्हा कागद बोलायला लागला. आईच्या माहेरकडून काहीतरी खाली येत असावं, असं तो म्हणत होता. बाई वाहक असेल तर डाऊन सिंड्रोमचं मूल होण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के, पुरुष वाहक असेल तर त्याहून बरीच कमी. एवढ्या आकड्याकडे काणाडोळा करता येत नाही.

गुणसूत्रं मोजण्याची, म्हणजे कॅरिओटायपिंगची, चाचणी तशी साधी आहे, आणि तिची रीत मला फार आवडली. शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त हिरव्या टोपणाच्या नळीत घेतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी निवांत असतात. त्यांना विभागायला लावतं ते राजम्याच्या जातीच्या दाण्यांतून काढलेलं एक द्रव्य. पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये ते दाखवून दिलं. तीन दिवस पेशी अंगाच्या उबेत वाढू देतात. मग कोल्चिसिन किंवा त्याच्या कुळातलं औषध घालून विभाजन ऐन मध्यावर रोखतात, कारण त्याच क्षणी गुणसूत्रं आखूड, जाड आणि एकेक ओळखू येण्याजोगी असतात. हे कोल्चिसिन आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लालपिवळी फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं. पुढे पेशी फुगवून काचपट्टीवर थेंब टाकतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेलं माणूस साधारण वीस पेशींतली गुणसूत्रं मोजतं. अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. हल्ली मायक्रोअ‍ॅरे नावाची नवी आणि महाग चाचणी निघाली आहे, पण वाहकाचं हे चिकटणं तिला दिसतच नाही, कारण ती मजकूर कमी-जास्त आहे का ते पाहते आणि वाहकाचा मजकूर तर पुरेपूर असतो. इथे माणसाच्या डोळ्यालाच मोजावं लागतं.

४७ गुणसूत्रांच्या पॅरिसमधल्या त्या शोधामागे मार्थ गोतिए नावाची एक तरुण डॉक्टर होती. पेशी वाढवण्याचं तंत्र ती बॉस्टनहून शिकून आली होती. प्रयोगशाळेत पैसा नाही, साहित्य नाही. तिने प्लाझ्मासाठी कोंबडा आणून पाळला आणि मानवी सीरम हवं होतं तेव्हा आपलंच रक्त काढलं. जादा गुणसूत्र प्रथम तिच्या काचपट्ट्यांवर दिसलं, पण १९५९ च्या त्या निबंधावर पहिलं नाव आलं जेरोम लेज्यून यांचं, आणि तिचं आलं तेही चुकीचं छापून. पुढे लेज्यून जगप्रसिद्ध झाले. या मुलांना बरं करण्याची वाट सापडावी म्हणून ते झटत राहिले आणि आपल्या शोधाचा उपयोग अशी मुलं जन्माला येऊच नयेत यासाठी होऊ लागला, याचं दुःख त्यांनी शेवटपर्यंत बाळगलं. गर्भपाताला त्यांचा सरसकट विरोध होता; तो मला मान्य नाही. मूल पोटात वाढवायचं आणि पुढे पन्नास वर्षं सांभाळायचं ते बाईने, तेव्हा निर्णयही तिचाच, असं मी मानते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यातही, गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर आठवड्यांची मर्यादा उरलेली नाही. तरीही लेज्यून यांचं दुःख मला कळतं. कारण ज्याला शोधायचं आणि टाळायचं ते माझ्या घरात जेवायला पानं घेतं.

खरंच घेतं. सोलापूरच्या घरी पानं घेणं हे नंदूचं काम आहे. आकडे त्याला जमत नाहीत, म्हणून तो नावं घेत ताटं मांडतो: आईचं, माझं, ताईचं. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी बाबांचं नाव घेतो आणि तेवढी जागा मोकळी सोडतो. दुपारी तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चादरींच्या दुकानात जातो. मालक वडिलांच्या ओळखीचे. गिऱ्हाईकाने उलगडून पाहिलेल्या चादरींच्या घड्या नंदू घालतो, काठाला काठ जुळवून, मधली सुरकुती हाताने सपाट करून. एखादी घडी मनासारखी बसली नाही तर पुन्हा उलगडतो. गिऱ्हाईक खोळंबलं तरी त्याला घाई नसते.

आणि त्याला सगळं कळतं, टक्केवारी तेवढी कळत नाही. लेकीच्या लग्नात गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असा पुकारा केला, त्याच्या आधी दोन नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन सुचवलं होतं की मावसभावाला उभं करू, वेळेवर होईल, वरपक्षाला बरं दिसेल. लेकीने ऐकलं आणि एकच वाक्य बोलली, "माझा मामा एकच आहे." नंदूने तिला बोहल्यावर आणलं. एक पाऊल टाकून तो थांबे, तिच्या साडीचा काठ पायात येत नाही ना ते बघे, मग दुसरं पाऊल टाके. मंगलाष्टकं थोडी उशिरा सुरू झाली, एवढंच. पण त्या दोन नातेवाइकांशी तो दिवसभर बोलला नाही. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

म्हणूनच त्याच्या रक्ताचा विचार आला की मी अडते. सोपी वाट तीच आहे. डॉक्टरही आधी त्याचंच तपासा म्हणतात, आणि त्यात तर्क आहे: त्याचं जादा २१ सुटं निघालं तर एका नळीत सगळं घर मोकळं झालं, मी, लेक, मावशीकडचे सगळे. खर्च काही हजारांचा. त्याला रक्त देण्याची सवयही आहे, थायरॉइडसाठी दर वर्षी काढतात. हात पुढे करतो, तोंड भिंतीकडे फिरवतो आणि टोचणाऱ्या मुलीला बजावतो, "हळू हं." मग कापसाचा बोळा दुसऱ्या हाताने दाबून धरतो, तो तासभर सोडत नाही, तोवर चहाचा कपही आईने धरायचा. पण सुई टोचण्याआधी तो दर वेळी विचारतो, "कशाला?" आम्ही सांगतो, "तुला थकवा येतो ना, त्याची गोळी बरोबर चाललीय का ते बघायला." त्याला पटतं, कारण ते खरं असतं.

या वेळी त्याने "कशाला?" विचारलं तर काय सांगू? त्याच्या औषधपाण्यात या अहवालाने काडीचा फरक पडणार नाही. जादा २१ सुटं असो की चिकटलेलं, त्याचा थायरॉइड, त्याचे कान, त्याची मान यांची काळजी तीच. त्याच गुणसूत्रावर असलेल्या एका जनुकामुळे अशा माणसांना स्मृतिभ्रंश लवकर गाठतो, तेही दोन्हींत सारखंच. म्हणजे रक्त त्याचं, सुई त्याला, आणि उत्तर दुसऱ्यांसाठी. तेही एक वेळ चाललं असतं, माणसं एकमेकांसाठी रक्त देतातच. पण उत्तर हवंय ते भाचीला त्याच्यासारखं बाळ होईल का, हे कळावं म्हणून. मी हे वाक्य मनात नाना तऱ्हांनी मांडून पाहिलं. सौम्य केलं, गोल केलं, अर्धंच सांगून पाहिलं. त्याच्या तोंडावर खरेपणाने म्हणता येईल असं एकही रूप मला सापडलं नाही. "त्याला काय कळणार आहे?" असं यजमान म्हणाले, तेही प्रेमाने. मला वाटतं, ज्याला काय ते सांगता येत नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये. कायद्याने आई त्याची पालक आहे, तिची सही चालेल. सही चालण्याने माझं समाधान होत नाही.

दुसरी बाजू मी झाकून ठेवत नाही. नंदू सुखात आहे, पण त्या सुखासाठी आईने काय मोजलंय ते मी पाहिलंय. लहानपणी प्रत्येक पावसाळ्यात त्याची छाती भरायची आणि ती रात्र रात्र त्याला खांद्यावर घेऊन बसायची. ती कधी माहेरपणाला गेली नाही. मी गेले तर त्याचं काय, हा प्रश्न ती उच्चारत नाही, तरी तो घरात असतो, आणि त्याचं उत्तर मी आहे हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. माझ्या लेकीने हे सगळं जवळून पाहिलंय. तिला आधी जाणून घ्यायचं असेल तर त्यात मामावरचं प्रेम कमी पडलं असं मी म्हणणार नाही आणि कुणाला म्हणूही देणार नाही.

आईला सांगावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. तिच्या मनात गेली सगळी वर्षं एक ग्रहण बसलेलं आहे. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण. खग्रास पट्टा कारवारहून रायचूरकडे गेला, पण सोलापुरातही दुपारी अंधारून आलं होतं. आई सहा महिन्यांची गरोदर. आजीने बजावलं होतं, आत बसून राहा, काही चिरू-कापू नकोस. मी लहान, भूक लागली म्हणून रडत होते. आईने उठून वांगं चिरलं. नंदू झाल्यावर आजी एकदाच म्हणाली, "तरी सांगत होते." आईला ते पुरलं. डॉक्टर काहीही सांगोत, विळीवर बसली की ते वांगं तिला आठवत असणार.

शेवटी मी तिला सगळं समजावून सांगितलं. गुणसूत्रांची वाटणी दिवस राहतानाच झालेली असते, ग्रहण त्यानंतर कित्येक महिन्यांनी आलं. आणि चिकटलेलं असेल तर ते तू जन्मताना घेऊनच आलीस, कदाचित तुझ्या आईकडून. बाईच्या पोटातली बीजं तर ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊन बसलेली असतात. मला भीती होती की ग्रहण जाईल आणि त्या जागी "माझ्याच रक्तातनं आलं" हे बसेल. एक दोष काढून दुसरा दिल्यासारखं होईल. आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या वांग्यानं काही झालं नाही?" नाही, म्हटलं. "आणि बाकीचं तर माझ्या हातात नव्हतंच." हे तिने इतक्या सहज म्हटलं की मी थक्क झाले. जे हातात होतं असं वाटलं, त्याचाच तिला भार होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "माझं काढा रक्त. मला काय होतंय?"

पण आईच्या रक्ताने पूर्ण निकाल लागत नाही. तिची गुणसूत्रं सरळ निघाली तर बाबांकडची शंका उरते, आणि बाबा आता नाहीत. लेकीपुरता प्रश्न सोडवायचा तर मधला दुवा मी आहे. माझी ४६ सुटी भरली, तर नंदूचं जादा २१ सुटं असो की चिकटलेलं, माझ्यामार्फत लेकीकडे काही गेलेलं नाही. भरली ४५, तर तिनेही तपासून घ्यावं. तीही वाहक असण्याची शक्यता साधारण निम्मी. ही गोष्ट आनुवंशिकतेच्या समुपदेशक बाईंना मी विचारली तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, हे चालेल, फक्त तुमच्या मावसभावंडांना याचं उत्तर मिळणार नाही. नंदूला न विचारता, न फसवता, माझ्या लेकीला जे हवं ते मला माझ्या हातातून देता येतंय, हे कळलं तेव्हा मला जो मोकळेपणा आला तो अहवालाच्या आधीचा आहे. अहवाल काहीही येवो.

पुढे ती काय करील ते मी विचारलेलं नाही. गर्भजल तपासणं, आधी भ्रूण तपासून घेणं, काहीही न तपासणं, या सगळ्या वाटा तिला डॉक्टर सांगतील. मला एवढंच तिला सांगायचं होतं की कागदावर टक्के येतात, मूल येत नाही. मूल कसं असतं हे विचारायचं असेल तर आजीला विचार, मला विचार, मामाबरोबर चार दिवस राहा. ती म्हणाली, "आई, मी मामाच्याच घरी सुट्ट्या घालवल्यात." हे खरंच आहे.

राहिला प्रश्न मावशीकडचा. समुपदेशक बाई म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून जात नाही. माझी ४५ भरली तर ही बातमी एकट्या माझ्या घराची राहत नाही. मावसबहीण बार्शीला असते, तिच्या मुलीसाठी स्थळं बघणं चाललंय. आपल्याकडे ठरणाऱ्या लग्नात असा कागद काय करतो ते मला माहीत आहे. माझ्या कांदेपोह्यांच्या वेळी नंदूला शेजारी नेऊन ठेवा असं सांगणारे होते, आणि बाबांनी त्याला पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं म्हणून ते रागावले होते. मावसबहीण हे ऐकून दार लावून घेईल, मुलीला कळू देणार नाही, अशी मला धास्ती आहे. आणि न सांगावं तर उद्या त्या मुलीला एकामागून एक दिवस राहून गेले आणि तिच्या सासरी तिलाच बोल लागला, तर मी गप्प बसले होते हे मला विसरता येणार नाही.

रक्त सोमवारी देतेय. अहवाल यायला तीन आठवडे आहेत. मावसबहिणीची मुलगी सव्वीस वर्षांची आहे, औषधशास्त्र शिकलेली आहे, तिला हे सगळं माझ्यापेक्षा लवकर समजेल. फोन तिच्या आईला करावा की सरळ तिलाच, एवढं या तीन आठवड्यांत मला ठरवायचंय.